गोड पाण्याचं घर

अंबागेट, अमरावती
ता. १२ सप्टेंबर १९३५

भगवंतभाऊजी,

गच्चीच्या जिन्याची किल्ली सापडली काय? का अजून माकडानंच नेली म्हणता? मी अमरावतीहून अकोल्याले गर्दीत चेंगरत आली ते काय तुमचे पोहे खायाले? घर पाहाले आली व्हती. तुमी मले देवघर दाखवलं, सागाचे खांब दाखवले, गोरा साहेब ज्या खुर्चीत बसे ते खुर्ची दाखवली. खुर्ची मी घेऊन नाई राहिली. अन् जिन्यापुढं बाज आडवी टाकून तिच्यावर माणिकबाईले निजवलं! म्हणे पाठ धरली. मी स्टेशनावर पोचाच्या आत सुटली असन पाठ.

नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं भाजीची आडत मी एकटीनं चालवून राहिली. वांग्याचं देठ उलटून पाह्यल्याशिवाय टोपलीत टाकत नाई. अन् घर काय वरतून पाहून घेईन? माझ्या सुभद्राचं बिऱ्हाड तिथं पडणार हाये. जावई अकोल्याच्या कापूस बाजारात लागला, त्याले आता तिथंच राहणं हाये. पोरीले पाचवा महिना. बाळंतपण तुमच्याच घरात होईन, म्हणून मी एवढी बोंबलून राहिली.

भिंती मी मुठीनं वाजवून पाह्यल्या, पक्क्या हायेत. मोरीत बादली ओतली, पाणी सरळ गल्लीत गेलं. विहिरीले पाणी भरपूर. खारं हाये, पण अकोल्यात खारं नाई त काय सरबत निघन? इथपर्यंत ठीक. मंग स्वयंपाकघरातली ते पितळी तोटी फिरवली. पाणी आलं, बोट लावून जिभेले लावलं, गोड! मी म्हनलं, भाऊजी, हे कुठून येते? तुमी म्हनलं, आभाळातून. हे काय उत्तर झालं? आभाळातून त सगळ्याच्याच घरी येते, तोटीतून तुमच्याच घरी काहून येते?

चुलीमागून जो नळ उतरते तो मी चापसून पाह्यला. लोखंडाचा नाई. नख दाबलं त नखाची खूण उमटली. पदरानं पुसला त पदर काळा. हे मले आवडलं नाई. काहून आवडलं नाई ते मंग सांगीन. आधी तुमी सांगा, तो नळ कशाचा हाये, अन् गच्चीवर त्याच्या वरच्या टोकाले काय हाये?

भाव मंग बोलू, आधी पाणी. किल्ली सापडत नसन त कळवा, मी हातोडा घेऊन येईन.

सत्यभामा

(हे मी माझ्या हातानं लिवलं. कोणाकडून लिवून घेतलं असतं त त्यानं मऊ केलं असतं.)


जठारपेठ, अकोला
ता. १८ सप्टेंबर १९३५

गं. भा. सत्यभामावहिनी यांस,
भगवंताचा नमस्कार.

आपले पत्र पोचले. पत्र होते की पंचनामा, हे दोनदा वाचूनही उमगले नाही. तहसील कचेरीत सारी उमर गेली, खुनाच्या तपासाचे कागदही हातांखालून गेले, पण त्यांतील भाषा इतकी आरोपाची नसे. आपण माझ्या चुलतभावाच्या पत्नी, वयाने धाकट्या असलात तरी नात्याने मोठ्या, म्हणून उत्तर देत आहे.

किल्ली माकडाने नेली असे मी म्हटले नव्हते. माकडे येतात म्हणून कुलूप असते, असे म्हटले होते. आणि आमच्या कुटुंबाची, माणिकबाईची, पाठ खरोखरच धरली होती.

आता नळाविषयी. हे घर एका विलायती कापूस कंपनीच्या साहेबाने स्वतःसाठी बांधले. त्याला अकोल्याचे खारे पाणी सोसेना. म्हणून गच्चीवर सागवानी हौद करून त्याला आतून शिशाचा पत्रा मारला आणि तेथून शिशाचाच नळ स्वयंपाकघरात उतरवला. होय, शिशाचा. लपवण्याचे कारण काय? लोखंड चार पावसाळ्यांत गंजते. हा नळ चाळीस वर्षांत एकदा ठिबकलेला नाही. पावसाळ्यात गच्चीचे पाणी हौदात उतरते आणि बेताने वापरले तर पिण्यापुरते होळीपर्यंत पुरते. उभ्या जठारपेठेत आमच्या घराला 'गोड पाण्याचे घर' म्हणतात. शेजारचे वामनराव दर उन्हाळ्यात घागरभर मागतात, मी देत नाही. असे घर आपल्याला नात्यातले म्हणून आधी दाखवले, त्याचे हे बक्षीस!

नळाने कोणाला काय झाले ते सांगा. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, रोज सकाळी मोर्णा नदीपर्यंत चालत जाऊन येतो. माणिकबाई अजून जात्यावर दळते. तिचे दात मोजून घ्या.

लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आपल्याही कानी आले असेल. आमच्या मुलाची, केशवची, तीन मुले गेली, दोन पोटातच आणि एक जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी. परंतु तो घराचा दोष नव्हे. सून वच्छला हिच्या पत्रिकेतच संततिस्थान बिघडलेले आहे, येथील जोशीबुवांनी स्वच्छ सांगितले. चैत्रात तिला कौंडण्यपूरला माहेरी पोचवली, ती आता तेथेच राहील. तुळशीचे लग्न झाले की केशवचे दुसरे करावयाचे आहे. तो मूर्तिजापूरला कापसाच्या जिनात नोकरीला आहे. आम्ही उभयतांनीही आता तेथेच जाऊन राहावे असे ठरले, म्हणून घर विकतो. दुसरे कारण नाही. घर पाहावयास येणाऱ्या प्रत्येकाला मी आपण होऊन वच्छलेची पत्रिका दाखवतो, म्हणजे वास्तूवर कोणी बोट ठेवावयास नको. आपणांसही दाखवीन.

दुसरे गिऱ्हाईक दारात आहे, एवढे ध्यानात असावे.

आपला,
भगवंत


अमरावती
ता. २७ सप्टेंबर १९३५

भगवंतभाऊजी,

बैल विकणारा बैलाचे दात दाखवते. घर विकणारा सुनेची पत्रिका दाखवते हे मी पहिल्यांदा ऐकलं. तेरवीले जेवाले बसलेल्या माणसानंही असं बोलू नाई. तिची पत्रिका तुमच्या पेटीतच ठेवा. मले तुमच्या नळाची पत्रिका पाह्यजे.

अन् शिशाचा हाये म्हणून छाती काय फुगवता? आता ऐका माझा पदर कशानं काळा झाला ते.

आमच्या इतवारा बाजारात अब्दुल रहीम कल्हईवाला बसते. मांगच्या खेपेले त्याले सोडून मी दुसऱ्या एका फिरत्याकडून भांडे कल्हई करून घेतले, सस्त्यात. त्या मुडद्यानं कथलात शिसं मिसळलं. भांडे त असे चमकले का तोंड पाहून घ्या. त्याच पातेल्यात दोन-चार महिने चिंचेचं सार अन् कढी झाली. मंग घरात कोणाच्या पोटात मुरडा, कोणाले आठ-आठ दिवस शौचाले नाई. मी म्हनलं, नजर लागली. मिरच्या ओवाळल्या, कोंबडं उतरवलं. शेवटी अब्दुल रहीम काकडी घ्याले आला, त्यानं पातेलं पाह्यलं अन् मलेच झापलं, "बाई, घरवालों को शिसा खिला रही हो क्या?" पातेल्यावर कपडा घासून दाखवला, काळा झाला. चांगल्या कथलानं कपडा असा काळा होत नाई. भांडे बदलले, महिनाभरात मुरडे थांबले. तवापासून कोणतंही चमकणारं भांडं मी पदरानं घासून पाहून राहिली. तुमचा नळही पाह्यला.

आमच्या पातेल्यात शिसं चिमूटभर व्हतं. तुमचा त हौदच्या हौद शिशाचा, अन् पाणी त्याच्यात महिनोन्‌महिने बसून राहते.

म्हणता कोणाले काय झालं. तीन लेकरं गेले ते 'काय' नाई काय? तुमी ते दोन ओळीत असे उरकले जसे हौदात चिमण्या पडल्या.

मले एवढंच सांगा. तुमच्या घरात त्या तोटीचं पाणी पेते कोण? एकेकाचं नाव लिवा. तुमी पेता? माणिकबाई पेते? केशव पेते? हे मी काहून पुसून राहिली? त्या दिवशी तुमी मले पाणी देलं ते तांब्याच्या घागरीतलं देलं, अन् ते खारं व्हतं. गोड पाण्याचं घर, अन् पाहुणीले खारं पाणी! तवा मले वाटलं, भाऊजी जुनेच चिक्कू, पाणीही वाचवून राहिले. आता वाटते कारण दुसरंच हाये. खरं लिवा. देवाची आण घालू नका, तुमच्या देवाले मी ओळखतो तेवढं पुरे.

सत्यभामा


जठारपेठ, अकोला
ता. ९ ऑक्टोबर १९३५

गं. भा. सत्यभामावहिनी यांस,

दसऱ्याचे सोने वाटण्याच्या दिवसांत आपण कोळसे पाठवले. असो. कल्हईवाल्याच्या शास्त्रावर घर घेणारे गिऱ्हाईक मला प्रथमच भेटले.

विचारलेत म्हणून सांगतो, यात लपवण्यासारखे काही नाही, उलट सांगण्यात भूषणच आहे. नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते. आमच्याकडे सोवळे पाळले जाते. चामड्याला लागून आलेले पाणी देवाला चालत नाही, स्वयंपाकाला नाही, वडीलधाऱ्यांना नाही. मी आणि माणिकबाई विहिरीचेच पाणी पितो. आपल्याला घागरीतले दिले ते मानाने दिले, चिक्कूपणाने नव्हे. केशव शनिवारी येतो, सोमवारी जातो. तोही विहिरीचेच पितो.

मग तोटीचे कोण पिते? वच्छला पीत असे. खाऱ्या पाण्याने गर्भ वाळतो असे माणिकबाईच्या आईचे मत होते, म्हणून सुनेला दिवस राहिले की ते सारे गोड पाणी तिच्यासाठी राखून ठेवलेले. पोटुशीला सोवळे लागत नाही. माणिकबाई स्वतः पहाटे तोटीखाली हंडा लावी आणि तिच्या खोलीत नेऊन ठेवी. आम्हा दोघांना त्याचा घोट नाही, आणि सून हंडाच्या हंडा पिते. कोठल्या सासूने सुनेचे इतके लाड केले असतील? पहिले मूल गेल्यावर दुसऱ्या खेपेस तर तिला विहिरीच्या पाण्याचा थेंब लागू दिला नाही. तिसऱ्या खेपेस तिच्यापुरता भातही त्याच पाण्यात शिजवला. तरी व्हायचे तेच झाले. माणसाने याहून काय करायचे? मग दोष पत्रिकेचा नाही तर कोणाचा?

बरे, साहेब याच घरात बारा वर्षे राहिला आणि धडधाकट विलायतेला गेला. मडमेला मूलबाळ झाले नाही, पण ती विलायती माणसे, त्यांचे वेगळे असते.

वरूडचे शेषराव यांची मुलगी केशवला नक्की केली आहे. संत्र्यांचे मोठे बागाईतदार आहेत, आपण त्या व्यापारातल्या म्हणून ओळखत असाल. मार्गशीर्षात लग्न, त्याआधी घराचे खरेदीखत व्हावे ही इच्छा. या वर्षी पाऊस चांगला झाला, हौद काठोकाठ आहे. सुभद्रा येईल त्या दिवसापासून तिला गोड पाणी मिळेल. आता तरी शंका सोडा आणि होय म्हणून कळवा.

भगवंत


अमरावती
ता. १४ नोव्हेंबर १९३५

भगवंतभाऊजी,

महिनाभर मी उत्तर देलं नाई, म्हणून तुमी दोन कार्डं पाठवले, 'मौन म्हणजे संमती समजतो' म्हणून. संमती नव्हती ते. तुमचं पत्र घेऊन मी आधी दवाखान्यात अन् मंग कौंडण्यपूरले जाऊन आली. तुमी काय लिवलं ते तुमाले अजूनही समजलं नाई, हे मले माहीत हाये. म्हणून समजावून सांगून राहिली.

सुभद्राले दाखवाले दवाखान्यात गेली तवा तुमचं पत्र सोबत नेलं. डाक्टरीणबाईले वाचून दाखवलं. सोवळ्यापर्यंत ते हसत व्हती. 'भातही त्याच पाण्यात शिजवला' इथं मी आली अन् तिनं चष्मा काढून ठेवला. म्हणे, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. म्हणे, खाऱ्या पाण्याचा नळाच्या आत थर धरते, मंग पाणी शिशाले कमी लागते. पावसाचं पाणी मऊ, ते शिशाले खाते अन् स्वतःत घेते. गर्भारणीच्या पोटात ते गेलं का पहिला घाव लेकरावर. मले म्हणे, त्या पोरीचे हिरडे पाहून या, दाताच्या मुळाशी निळसर रेघ असन.

मी कार्तिकाच्या जत्रेले कौंडण्यपूरले केळीची गाडी घेऊन गेली. वच्छला बापाच्या दुकानावर झेंडूचे हार ओवत बसली व्हती. अंगानं भरली हाये. मले पाहून उठली, पाया पडली. मी म्हनलं, आधी ओठ वर कर. तिले वाटलं काकू येडी झाली. रेघ हाये भाऊजी. फिक्की झाली, पण हाये. मी पुसलं, पोट दुखे काय? म्हणे, अकोल्यात लय दुखे, मुरडा येई, तोंडात पैसा धरल्यावानी चव राहे, हात कापत. म्हणे, इथं आल्यावर देवीच्या कृपेनं थांबलं. देवीची कृपा कशाची, नदीचं पाणी पिऊन राहिली म्हणून थांबलं.

मंग म्हणे, "काकू, सासूबाईनं मले कधी वाकडं बोललं नाई. स्वतः खारं पेत अन् मले गोड देत. मीच करंटी."

मले वाटलं एक ठेवून द्यावी तिले, अन् मंग अकोल्याले येऊन तुमाले. तिथंच बसून मी तिले सगळं सांगतलं. हारवाले, गिऱ्हाईक, सगळे ऐकत व्हते, ऐकू द्या. ते सुईत दोरा धरून बसून राहिली. मंग एवढंच म्हणे, "तिन्ही खेपा?" मी म्हनलं, हो बाई, तिन्ही. तिनं सुई झेंडूत खोचून ठेवली. मंग म्हणे, "सासूबाईले नका सांगू काकू. हे ऐकून त्या जगाच्या नाईत."

पाहा हे कोण बोलून राहिलं. जिले तुमी घरातून काढली ते.

म्हणून मी माणिकबाईले लिवलं नाई. ते बाई पहाटे उठून आपल्या हातानं हंडे वाहत व्हती, मायेनं. तिचं काय करावं ते मले समजत नाई, ते तुमचं तुमी पाहा. पण तुमची गोष्ट येगळी हाये. तुमी शिकलेले. आपण माळ्याचे लोक, आपल्या आज्यानं मोटेचं पाणी पेलं, चामड्याच्याच मोटेचं, अन् त्याच पाण्यावर पिकलेलं खाऊन तुमचा बाप वाढला. तुमी कचेरीत लागले अन् नखाएवढ्या चामड्याले बाटाले लागले! ठीक हाये, बाटा. पण तीन मढे एकाच खोलीतून निघाले, एकाच बाईचे, जे बाई घरात एकटीच तोटीचं पाणी पे. हे लिवताना तुमचा हात अडखळला नाई. कारण घर नासकं म्हनलं असतं त गिऱ्हाईक पळालं असतं, म्हणून पोरगी नासकी ठरवली. अन् तिची पत्रिका दारोदार दाखवली.

आता याच्यापुढचं पाहा. तुमी मूर्तिजापूरले जाणार. तिथं शेषरावची पोरगी विहिरीचं पाणी पिईन, तिले लेकरं होतीन, धडधाकट. सारे म्हणतीन, पाहा, वच्छलाच वांझोटी व्हती. जन्मभर. मंग ते डाक्टरीण येऊन बोलो का ब्रह्मदेव येऊन बोलो, कोणी ऐकणार नाई. म्हणून हे लग्न मी होऊ देणार नाई.

माझं म्हणणं असं हाये. तो हौद खाली उतरवा, नळ भिंतीतून उपटा, अन् तो भंगारवाल्याले विकू नका, कोणाच्या कल्हईत जाईन. खड्डा करून पुरा. मंग कौंडण्यपूरले तुमी स्वतः जा. माणिकबाईले पाठवू नका, केशवले पाठवू नका, तुमी जा. वच्छलाच्या बापापुढं, चार माणसांत सांगा का दोष पाण्याचा व्हता, पोरीचा नव्हता. वच्छला यायले तयार असन त मानानं आणा. नसन त केशवनं तिथं जाऊन तिले काय पाह्यजे ते इचारावं, अन् तिचं उत्तर काय ते तिले देऊ द्या. वरूडची सुपारी परत करा. जोशीबुवाले काय सांगाचं ते तुमचं.

हे केलं त घर मी घेतो. घरावर माझा राग नाई. भिंती पक्क्या हायेत, विहीर चांगली हाये, सुभद्रा खारं पिईन अन् सुखानं बाळंत होईन.

नाई केलं त ऐका. शेषराव माझ्या आडतीवर संत्रे देते, वीस वर्षांची वळख हाये. तुमचं नऊ ऑक्टोबरचं पत्र माझ्यापाशी हाये, अक्षर तुमचं, सही तुमची. मी त्याच्या ओसरीवर बसून ते मोठ्यानं वाचीन, अन् वाचून झालं का डाक्टरीणबाई काय म्हणे तेही सांगीन. मंग तुमच्या दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं जाईन. मंग वामनरावाकडं, ज्याले तुमी घागर देली नाई. त्याले म्हणीन, देवानं वाचवलं तुले.

चोवीस तारखेले रविवारी सकाळी वरूडची मोटर हाये. त्या मोटरीत बसू का नको, ते तेवीस तारखेच्या शनिवारच्या डाकेनं मले कळलं पाह्यजे. लांबण लावू नका, माफी मागू नका, मी कोण माफ करणारी. तुमी कौंडण्यपूरले जाता का नाई, एवढंच लिवा.

सत्यभामा